वहिनींच्या भावाचे तीन प्रश्न

दगारे नावाची भाषा घानाच्या वायव्य कोपऱ्यात बोलतात, हे मला अमेरिकेत बॉथेलला नोकरी लागेपर्यंत माहीत नव्हतं. आमच्या तालुक्याच्या शाळेत भूगोलाच्या सरांनी आफ्रिका खंड एका तासात संपवला होता, आणि परीक्षेत त्यावर दोन मार्कांचा प्रश्न यायचा. आज त्या भाषेच्या दोन बोली मला कानाने ओळखता येतात. अर्थ कळत नाही, पण कोणती बोली कोणाकडची ते कळतं. हे मी कसं शिकलो ते लिहून ठेवायला हवं, कारण त्यात माझ्या हातून एका भल्या माणसाचं नुकसान झालं आणि ते भरून आलेलं नाही.

त्या माणसाला मी दादा म्हणतो. औषधांच्या चाचण्या करणाऱ्या आमच्या प्रयोगशाळेत ते माझ्या आधी अकरा वर्षं होते. मी नवा होतो तेव्हा माझ्याकडे गाडी नव्हती. पहिल्या हिवाळ्यात रोज पावसात बसची वाट बघत उभा राहायचो. एकदा त्यांनी गाडी थांबवली आणि काच खाली करून विचारलं, "तू आमच्याच लॅबचा ना? मग इथे भिजत कोणाची तपश्चर्या चालली आहे?" त्या दिवसापासून चार महिने त्यांनी मला रोज नेलं आणि आणलं. पुढे चर्चच्या रिकाम्या पार्किंगमध्ये गाडी चालवायलाही शिकवलं. मोठ्या भावाला आमच्याकडे दादा म्हणतात असं मी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग तेच म्हण. इथे मला सगळे नुसतं नावाने हाक मारतात, म्हातारा झालो तरी."

माझ्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिपाई होते. शिष्यवृत्ती नसती, शाळेतल्या एका बाईंनी फॉर्म भरायला लावला नसता, तर मी आज कुठे असतो याचा विचार मी अजूनही करतो. ज्यांनी हात दिला त्यांची यादी माझ्या मनात पक्की आहे. परदेशात त्या यादीत पहिले आले ते दादा.

त्यांच्या घरी रविवारी जेवायला बोलावणं असायचं. मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा आणि भेंडीचं कालवण. हाताने खायचं, त्यामुळे मला घरी आल्यासारखं वाटायचं. तिथेच मला कळलं की या घरात दोन बोली आहेत. दादा उत्तरेकडचे, त्यांच्या गावात मिशनऱ्यांची जुनी शाळा, सगळं गाव कॅथलिक. वहिनी पश्चिमेकडच्या, तिथली बोली बिरिफोर. काही लोक तिला दगारेची बोली म्हणतात, काही वेगळी भाषाच मानतात. यावर त्या घरात वीस वर्षं भांडण चालू होतं.

"हिच्या गावचे लोक बोलायला लागले की बकऱ्या दचकतात," दादा म्हणायचे.

"आणि यांच्या गावचे सगळे घाईत बोलतात," वहिनी माझ्या ताटात वाढता वाढता म्हणायच्या. "चर्चमधल्या मिसाला उशीर होतो ना. अर्धं वाक्य पाद्रीबाबासाठी राखून ठेवतात."

"माझी बोली पुस्तकात छापली आहे."

"छापावी लागते, कारण एकदा ऐकून कोणाला कळत नाही."

दोघं एकमेकांशी आपापल्या बोलीत बोलायचे. वीस वर्षांत कोणी कोणाची बोली तोंडात घेतली नाही. समजायची दोघांनाही. मुलगी कॉलेजात होती, दोघांनाही इंग्रजीत उत्तर द्यायची. वडिलांची बोली तिला बरीच कळायची, आईची कमी.

मला त्या भांडणाची मजा वाटायची, आणि थोडी चुटपुटही लागायची. मी वऱ्हाडी बोलत वाढलो. पुण्याच्या हॉस्टेलमध्ये पहिल्या आठवड्यात मुलं मला मुद्दाम बोलायला लावून हसायची. सहा महिन्यांत मी ती बोली जिभेवरून काढून टाकली आणि आवाजही खाली आणला. आमच्याकडे माणसं मोठ्याने बोलतात, या अंगणातून त्या अंगणात. सुशिक्षित माणूस हळू बोलतो हे मी पुण्यात शिकलो आणि इतकं पक्कं शिकलो की वडिलांचा फोन आला की पहिल्यांदा आवाज कमी करायचा आणि मग हॅलो म्हणायचं, अशी बोटांना सवय लागली.

वहिनींना कॅन्सर झाला. कळला तेव्हाच पुढे गेलेला होता. पाच महिन्यांत त्या गेल्या.

पुढचं समजण्यासाठी एक गोष्ट आधी सांगतो. तेव्हा ती मला माहीत नव्हती. दादांनी नंतर समजावली. सगळीकडे अशीच रीत असेल असं नाही, पण वहिनींच्या माहेरी अशी आहे. लग्न झालेली बाई मेली की तिच्या माहेरचा वडीलधारा माणूस प्रेतासमोर उभा राहून नवऱ्याला प्रश्न विचारतो. मोठ्याने, सगळ्यांच्या देखत, दरडावून. ती कशाने मेली, आम्हाला कधी कळवलंस, तिने काय मागितलं. नवऱ्याने तिथल्या तिथे, मयताच्या कानावर पडेल असं उत्तर द्यायचं, आणि द्यायचं तेही विचारणाऱ्याच्या बोलीत. उत्तर पटलं की माहेरचे शांत होतात. मग परदेशात मेलेल्या बाईची नखं, केस, एखादं वस्त्र घेऊन नवरा तिच्या गावी जाऊ शकतो आणि तिथे तिचा खरा विधी होतो. उत्तर दिलं नाही, तर त्याला त्या गावात यायची वाट राहत नाही.

दादांना ते उत्तर द्यायचं होतं. त्यांच्यासाठी त्या दिवसाचं सगळं महत्त्व तेवढ्यातच होतं. मला त्यांनी एवढंच सांगितलं, "तिचा भाऊ व्हिडिओवर बोलेल. व्हिसा मिळाला नाही त्याला. तेवढं तू बघ."

मी आनंदाने हो म्हटलं. इथल्या महाराष्ट्र मंडळात कार्यक्रमाचं सूत्रसंचालन मी करतो. वेळेत संपवणारा म्हणून माझं नाव आहे. एक काका तर म्हणतात, "याच्या हातात माइक दिला की जेवण गरम मिळतं." मी दादांसाठीही कागदावर क्रम टाइप केला. प्रार्थना, मुलीचं भाषण, भावाचे दोन शब्द, मग अंत्यदर्शन. भावासमोर मी कंसात लिहिलं होतं: पाच मिनिटं.

अंत्यविधीच्या आधीचे तीन दिवस दादा दुपारच्या सुट्टीत गाडीत एकटे बसून काहीतरी पुटपुटताना मला दिसले. मला वाटलं प्रार्थना करत असतील. ते बिरिफोरमधून उत्तर पाठ करत होते.

फ्युनरल होमचा हॉल अकरा ते एक एवढाच मिळाला होता, एकला दुसरं कुटुंब येणार होतं. काळ्या सुटातला तिथला माणूस दाराशी उभा होता. आलेले बहुतेक घानाच्या दक्षिणेचे, दुसऱ्या मोठ्या भाषेचे. दगारे बोलणारे पाच-सहा, आणि वहिनींची बोली बोलणारं त्या हॉलमध्ये कोणी नव्हतं. ती बोलणाऱ्या एकट्या वहिनी, आणि त्या पेटीत होत्या.

दादांनी आणखी एक काम मला दिलं. त्यांच्याकडे ज्याला सगळ्यात जास्त दुःख झालं असेल त्याला दोर बांधतात आणि दुसरं टोक घराबाहेरच्या माणसाच्या हातात देतात. माणूस दुःखात धावत सुटेल, स्वतःला काही करून घेईल, म्हणून. दादांनी हार्डवेअरच्या दुकानातून सुती दोरी आणली होती. स्वतःच्या डाव्या मनगटाला बांधून घेतली आणि टोक माझ्या हातात दिलं. "मी उठलो तर धर," म्हणाले. मी त्यांच्या मागच्या खुर्चीवर बसलो. माझ्या शेजारी स्टँडवर फोन लावला होता, कॅमेरा पेटीकडे आणि दादांकडे, पडदा माझ्याकडे. आवाज हॉलच्या स्पीकरला जोडला होता. रेकॉर्डिंगही चालू केलं होतं, कारण मुलीला ते हवं होतं.

पाद्री लांबले. मुलगी रडली, थांबली, पुन्हा बोलली. भावाची पाळी आली तेव्हा बारा वाजून पस्तीस मिनिटं झाली होती.

पडद्यावर एक उंच, वाळका माणूस दिसला. मागे मातीची भिंत, बाजूला बसलेली माणसं. शेजारच्या घरातल्या एका शिक्षकाने फोन धरला होता. भावाने सुरुवातीला हळू काहीतरी म्हटलं, मागच्या माणसांनी हुंकार दिला. मग त्याचा आवाज चढला आणि तो दादांना नावाने हाक मारू लागला. एकेक शब्द फेकल्यासारखा येत होता. हॉलमधले दक्षिणेचे लोक एकमेकांकडे बघू लागले. दाराशी उभा असलेला माणूस घड्याळ बघत दोन पावलं आत आला.

मुलगी मागे वळली. "अंकल, मामा का ओरडतोय?" ती इंग्रजीत कुजबुजली. "आईसमोर? प्लीज, डू समथिंग."

तेवढ्यात माझ्या हातातल्या दोरीला हिसका बसला. दादा उठत होते. मला वाटलं ते कोसळणार, किंवा पेटीकडे धावणार. सांगितलं होतं तसं मी दोरी ओढून धरली. ते परत खुर्चीत बसले, आणि मी दुसऱ्या हाताने फोनचा आवाज बंद केला. दोन्हीकडचा. त्यांचा आम्हाला आणि आमचा त्यांना.

कॉल तोडला नाही. कॉल तोडणं मला उद्धटपणाचं वाटलं. म्हातारा माणूस बोलतोय, त्याच्या तोंडावर कसा बंद करायचा? मंडळाच्या कार्यक्रमात कोणी लांबलं की मी हेच करतो, हसून हळूच माइकचा आवाज उतरवतो, कोणाला लागत नाही. तोडला असता तर फार बरं झालं असतं. तिकडे त्यांना कळलं असतं की लाइन गेली. त्यांनी पुन्हा लावला असता.

हॉल एकदम शांत झाला. दादांनी मागे न वळता विचारलं, "काय झालं?"

"लाइन गेली, दादा," मी म्हणालो.

हे वाक्य मी इतक्या सहज बोललो की त्याचं मला पुढे कित्येक दिवस नवल वाटत राहिलं. छोट्या पडद्यावर त्या माणसाचे ओठ हलत होते. तो बोलायचा, थांबायचा, कॅमेऱ्याकडे बघत राहायचा, पुन्हा बोलायचा. मी फोन थोडा तिरका केला, म्हणजे शेजारच्याला दिसू नये. पाच मिनिटांनी दादांनी विचारलं, "लागतोय का?" मी म्हटलं, "प्रयत्न करतोय." मग अंत्यदर्शन सुरू झालं. एकला पाच कमी असताना आम्ही बाहेर पडलो. दाराशी उभ्या माणसाने माझे आभार मानले. त्याच दुपारी वहिनींना पुरलं.

घरी आल्यावर मी बायकोला सांगितलं. ती कोल्हापूरची आहे, मनात काही ठेवत नाही. "बंद का केलंस? त्यांच्यात ती पद्धत असेल तर?"

"ओरडत होता गं."

"आमच्याकडे मयताला कोण हळू बोलतं? तुझ्याकडे तरी बोलतात का? दादांना सांगून टाक."

मी सांगितलं नाही. दादा आठवडाभर कामावर आले नाहीत.  आणखी दुःख कशाला द्यायचं, असं मी स्वतःला समजावलं. खरं कारण भीती होतं.

तीन आठवड्यांनी दादा माझ्या टेबलाशी आले. त्यांच्या मेहुण्याने फोन घेणं बंद केलं होतं. दादांच्या गावाहून त्यांचा चुलतभाऊ वहिनींच्या माहेरी जाऊन आला होता. तिथून निरोप होता: आम्ही तिच्यासमोर तीनदा विचारलं, तीनदा वाट बघितली, त्याने तोंड उघडलं नाही. तिचं सामान दुसऱ्या कोणाबरोबर पाठवा. त्याने स्वतः येऊ नये.

"तीनदा कसं विचारलं?" दादा मला म्हणाले. "लाइन तर सुरुवातीलाच गेली. त्यांच्याकडे आमचं चित्र थांबून राहिलं असेल का रे? तुला यातलं कळतं. असं होतं का?"

त्यांनीच मला पळवाट दाखवली होती. हो म्हटलं असतं तर त्यांनी विश्वास ठेवला असता. मी त्यांना गाडीत घेऊन गेलो आणि सगळं सांगितलं. पाऊस पडत होता, वायपर चालू होते. मी बोललो तेव्हा ते समोर बघत होते. शेवटी म्हणाले, "तू म्हणालास, लाइन गेली."

"हो."

"मी उठलो होतो उत्तर द्यायला."

"मला वाटलं तुम्ही पडताय."

"मीच तुला म्हटलं होतं, धर," ते म्हणाले आणि उतरून पावसात आत निघून गेले.

रविवारी त्यांनी मला घरी बोलावलं. जेवायला नव्हे. मुलगी होती. टेबलावर फोन ठेवून मी रेकॉर्डिंग लावलं. हॉलमध्ये बंद होता तो आवाज रेकॉर्डिंगमध्ये पूर्ण होता. अकरा मिनिटं. दादा थांबवून थांबवून मुलीसाठी आणि माझ्यासाठी इंग्रजीत सांगत होते.

पहिला प्रश्न: माझी बहीण आजारी आहे हे तुला कधी कळलं? मग शांतता. कोंबडा ओरडल्याचा आवाज, कोणीतरी खोकलं.

त्या शांततेत दादांनी उत्तर दिलं. वहिनींच्या बोलीत. मी त्यांच्या तोंडून ती बोली पहिल्यांदा ऐकली. अडखळत बोलत होते, हॉस्टेलमध्ये मी प्रमाण मराठी बोलायचो तसे. मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली.

दुसरा प्रश्न: आम्हाला का कळवलं नाहीस, कोणी अडवलं? यावरची शांतता आणखी लांब होती. दादांनी उत्तर दिलं आणि मग आम्हाला सांगितलं. वहिनींनीच नको म्हटलं होतं. भाऊ गुरं विकून तिकीट काढायला निघेल, व्हिसा मिळणार नाही, आणि पैसेही जातील आणि आशाही, असं त्यांचं म्हणणं. शेवटच्या आठवड्यात दादा फोन लावायला निघाले तेव्हा त्यांनी हात धरून ठेवला होता.

"हे मला का नाही सांगितलंत?" मुलगी म्हणाली.

"आधी त्याला सांगायचं असतं," दादा म्हणाले.

तिसरा प्रश्न: तिने आमची आठवण काढली का? दादांनी याचंही उत्तर दिलं, बराच वेळ बोलत होते, बोलता बोलता स्वतःच्या बोलीत गेले. ते त्यांनी इंग्रजीत सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

रेकॉर्डिंगच्या शेवटी मेहुणा हळू आवाजात दोन शब्द बोलला होता. दादांनी अर्थ सांगितला: "ऐकलं आम्ही."

मी त्या शिक्षकांचा नंबर घेतला. ते इंग्रजी जाणतात. मी त्यांना फोन करून सांगितलं की चूक माझी आहे, आवाज मी बंद केला, दादांना ऐकूच गेलं नाही. मी हे लिहून काढलं होतं आणि वाचून दाखवलं, म्हणजे एखादा शब्द राहू नये. शिक्षकांनी ते भावाला त्यांच्या बोलीत सांगितलं. मला पलीकडे ते बोलणं ऐकू येत होतं. मग भाऊ बोलला. यावेळी मुळीच ओरडला नाही.

शिक्षक म्हणाले, "ते विचारतात, दोरी धरली होती तो तूच का?"

"हो."

"ते म्हणतात, आम्ही सगळ्यांनी पाहिलं. तो उठला होता. तू त्याला ओढून खाली बसवलंस. त्याला बोलायचं नव्हतं तर तसं सांगायचं, मित्राकडून दोरी ओढवून घ्यायची नाही."

मी पुन्हा समजावलं. पुन्हा तेच सांगितलं. शिक्षकांनी सभ्यपणे सगळं पोचवलं. उत्तर आलं, "तू त्याचा मित्र आहेस. मित्र असंच बोलणार. तू चांगला मित्र आहेस. पण मागाहून सांगितलेलं उत्तर हे मागाहून सुचलेलं उत्तर."

मी रेकॉर्डिंग पाठवतो म्हणालो.  "त्यात त्यांचाच आवाज आहे ना?" शिक्षक म्हणाले. "आणि मध्ये शांतता. ती त्यांनी ऐकली आहे."

वहिनींचे केस औषधांनी आधीच गेले होते. दादांनी नखं कापून पाकिटात ठेवली होती आणि त्यांचं निळं वस्त्र घडी करून ठेवलं होतं. पीक निघाल्यावर, कोरड्या दिवसांत तिकडे असे विधी होतात. घेऊन मुलगी जाणार असं ठरलं. वहिनींच्या माहेरच्या लोकांत आईचा भाऊ म्हणजे फार मोठं नातं. भाचीला तो नाही म्हणणार नाही, असा दादांचा हिशेब होता. आणि तिच्या तोंडून तरी उत्तर जाईल.

दोन महिने ती दर शनिवारी घरी येऊन आईची बोली शिकली. शिकवायला वडील, जे त्या रविवारपर्यंत ती उभ्या आयुष्यात बोलले नव्हते, आणि माझ्या फोनमधला मामाचा आवाज. मी एकदा गेलो तेव्हा ती एक वाक्य म्हणत होती आणि दादा मान हलवत होते.

"असं नाही. ती असं म्हणायची नाही."

"मग कसं म्हणायची?"

 "मी तिचं कधी नीट ऐकलंच नाही," ते म्हणाले. "मी चिडवत होतो."

विमानतळावर आम्ही दोघं तिला सोडायला गेलो. परत येताना दादा रस्ताभर एवढंच बोलले, "सिग्नलला डावीकडची लेन घे."

अकराव्या दिवशी तिचा फोन आला. आम्ही जेवणाच्या सुट्टीत लॅबच्या कँटीनमध्ये होतो. दादांच्या फोनला चार्ज नव्हता म्हणून तिने माझ्या फोनवर लावला, आणि दादांनी तो स्पीकरवर ठेवायला सांगितला. तिचा आवाज बसला होता. मामाने तिला दारातच जवळ घेतलं होतं. पाकीट घेतलं. घरासमोर सगळ्यांच्या देखत तिने तिन्ही उत्तरं म्हटली, एकही चुकली नाही. मामाने शेवटपर्यंत ऐकलं.

"काय म्हणाला?" दादांनी विचारलं.

"म्हणाला, तू छान बोललीस. पण हे बोलायचं तोंड तुझं नव्हतं."

दादांनी फोन जवळ ओढला. मग त्यांनी विचारलं, "आणि गाणं?"

त्यांच्याकडे विधीच्या वेळी गाणारा माणूस मेलेल्याचं सगळं आयुष्य गाऊन सांगतो. मुलगी म्हणाली की तिला बरंच समजलं. गाणाऱ्याने आईची आजी गायली. शेत गायलं, नदी गायली, लहानपणी नदीत ती बुडता बुडता वाचली ते गायलं. हे तिला माहीतच नव्हतं. सगळे रडले.

"नदीनंतर काय?" दादांनी विचारलं.



"नदीनंतर आईचं मरण, बाबा. मध्ये काही नव्हतं."

दादांचं घर त्या गाण्यात नव्हतं. लग्न नव्हतं, वीस वर्षं नव्हती, अमेरिका नव्हती, तिथे फोन धरून उभी असलेली मुलगी कुठून आली तेही नव्हतं. शेजारच्या टेबलावर कोणीतरी मायक्रोवेव्हमधून डबा काढत होतं. दादांनी तिला जेवलीस का विचारलं, पाणी उकळून पी म्हणून सांगितलं. फोन बंद करून माझ्यापुढे सरकवला.

"गाणारा चांगला होता म्हणते," ते म्हणाले, आणि हातमोजे घालायला उठले.